विश्लेषण : भारतीय माहितीपट जगभर गाजतात, मग घरच्या पडद्यावर का दिसत नाहीत?

अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षे भारतीय माहितीपटांनी जागतिक विभागात पुरस्कार मिळवले. कान महोत्सवात माहितीपटासाठी दिला जाणारा ‘सुवर्णनेत्र’ पुरस्कार २०२१ आणि २०२२ असा लागोपाठ दोनदा भारतीय दिग्दर्शकांकडे आला. २०२३ मध्ये ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ने ऑस्कर आणले. कोट्यवधींच्या बजेटच्या कथाचित्रपटांना जे जमत नव्हते, ते दोन-तीन माणसांच्या चमूने आणि हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याने करून दाखवले. तरीही ‘अलीकडे कोणता माहितीपट पाहिला?’ असे विचारले, तर बहुतेकांच्या ओठांवर मोबाइलवर पाहिलेल्या एखाद्या गुन्हेगारी मालिकेचेच नाव येते. असे का होते, आणि या नव्या माहितीपटांत असे काय आहे?

सलग चार वर्षे म्हणजे नेमके कोणते चित्रपट?

सुरुवात झाली ‘रायटिंग विथ फायर’पासून. रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष या दिग्दर्शकद्वयीने उत्तर प्रदेशातील ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्रातील महिला पत्रकारांचा काही वर्षे पाठपुरावा केला. २००२ मध्ये चित्रकूटमध्ये सुरू झालेले आणि प्रामुख्याने दलित महिलांनी चालवलेले हे पत्र छापील कागदावरून मोबाइलकडे वळत होते. ज्यांनी आयुष्यात स्मार्टफोन हाताळलेला नाही अशा बायका त्याच फोनवर खाणमाफियांच्या बातम्या चित्रित करायला शिकतात, हा या चित्रपटाचा गाभा. २०२२ मध्ये ऑस्करच्या पूर्ण लांबीच्या माहितीपटांच्या गटात नामांकन मिळवणारा हा पहिला भारतीय माहितीपट ठरला.

पुढच्या वर्षी शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ने सनडान्सचे सर्वोच्च पारितोषिक घेतले, मग कानचा सुवर्णनेत्र आणि नंतर ऑस्कर नामांकन. २०२३ मध्ये मुंबईतील कोळी मच्छीमारांवरील ‘अगेन्स्ट द टाइड’, तर २०२४ मध्ये पूर्व हिमालयातील पतंगांवरील ‘नॉक्टर्न्स’ या चित्रपटांना सनडान्समध्ये विशेष ज्युरी पुरस्कार मिळाले. म्हणजे पत्रकार, घारी, मासेमारी आणि रात्री दिव्याभोवती फिरणारे पतंग. विषयांची ही यादी एखाद्या निर्मात्यासमोर ठेवली असती तर त्याने चहा पाजून बाहेरचा रस्ता दाखवला असता.

घारींच्या गोष्टीत एवढे काय आहे?

‘ऑल दॅट ब्रीद्स’चा विषय एका ओळीत सांगता येतो. दिल्लीतील वझिराबादमध्ये राहणारे नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. पण चित्रपट त्या ओळीत मावत नाही. या भावांचा व्यवसाय साबणाचे द्रव भरण्याच्या डब्या बनवण्याचा. त्याच तळघरात एका कोपऱ्यात यंत्रांचे सुटे भाग पडलेले आणि दुसऱ्या कोपऱ्यात खोक्यांमध्ये जायबंदी घारी. लहानपणी त्यांनी सापडलेली घार पक्ष्यांच्या रुग्णालयात नेली, तेव्हा ती मांसाहारी असल्याने तिला प्रवेश मिळाला नाही. मग दोघांनी स्वतःच उपचार शिकायचे ठरवले. स्नायू आणि शिरांची माहिती त्यांना मिळाली ती तरुणपणी वाचलेल्या शरीरसौष्ठवाच्या मासिकांतून.

यात निवेदक नाही. ‘दिल्लीतील प्रदूषणाची पातळी अमुक झाली आहे’ असे सांगणारा धीरगंभीर आवाज नाही की टेबलामागे बसलेले तज्ज्ञ नाहीत. हवा किती खराब आहे हे आकाशातून पडणाऱ्या पक्ष्यांवरून कळते. पतंगाच्या मांजाने कापलेले पंख दिसतात. बाहेर नागरिकत्व कायद्याविरोधातील आंदोलनाचे आणि २०२० च्या दंगलीचे पडसाद आहेत, पण तेही ध्वनिक्षेपकावरून, शेजारच्या गल्लीतून आल्यासारखे ऐकू येतात. कॅमेरा वर जाऊन घोषणा दाखवत नाही. तो जमिनीलगत राहतो, उकिरड्यावरचे उंदीर, डबक्यातले किडे, त्यात उमटलेले विमानाचे प्रतिबिंब टिपत. एका प्रसंगात तर एक घार त्यांच्या तरुण सहकाऱ्याच्या डोळ्यांवरचा चष्माच पळवून नेते. हा प्रसंग लिहून काढता आला नसता. त्यासाठी महिनोन्महिने त्या घरात हजर असावे लागते.

हजर राहण्याची ही क्षमता, म्हणजेच वेळ, हीच माहितीपटाची खरी गुंतवणूक आहे. या पद्धतीला निरीक्षणाचा माहितीपट म्हणतात. माणसांना प्रश्न न विचारता त्यांच्या आयुष्यात कॅमेऱ्यासह राहायचे, शेकडो तासांचे चित्रण करायचे आणि संकलनाच्या टेबलावर गोष्ट शोधायची. तिथे अनेकदा दिग्दर्शकाइतकेच श्रेय संकलकाचे असते, पण पुरस्काराच्या बातमीत त्याचे नाव क्वचितच येते.

‘नॉक्टर्न्स’ने ही पद्धत आणखी ताणून पाहिली. अनिर्बन दत्ता आणि अनुपमा श्रीनिवासन यांचा कॅमेरा अरुणाचलच्या जंगलात एका संशोधिकेसोबत आणि तिच्या स्थानिक बुगुन सहकाऱ्यासोबत रात्रभर उभा राहतो. पांढरे कापड ताणायचे, त्यावर प्रकाश सोडायचा आणि येणारे पतंग मोजायचे, एवढेच घडते. मात्र ध्वनी असा आहे की पंखांची फडफड कानाशी जाणवावी. हा चित्रपट मोबाइलवर पाहण्यात अर्थ नाही हे इथे स्पष्ट सांगायला हवे. ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांनी निदान चांगले हेडफोन लावावेत.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

संबंध जवळचा आहे. सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ मुंबईच्या किनाऱ्यावर घडतो आणि त्यातली माणसे कोळ्यांची मराठी बोलतात. राकेश आणि गणेश हे दोन मित्र. राकेश वाडवडिलांची नौका आणि किनाऱ्याजवळची पारंपरिक मासेमारी धरून आहे. गणेश स्कॉटलंडमध्ये शिकून आलेला, मोठ्या बोटीसाठी कर्ज काढलेला. खोल समुद्रात एलईडी दिव्यांचा झोत पाण्यात सोडून मासे गोळा करण्याचा मार्ग त्याला खुणावतो. अशा मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. दोघांनाही मासळी मिळत नाही. एकाला परंपरा तारत नाही, दुसऱ्याला तंत्रज्ञान.

हा विषय वर्तमानपत्रात ‘मत्स्यदुष्काळ’ या मथळ्याखाली अनेकदा येऊन गेला आहे. माहितीपट वेगळे काय करतो? तो दोन मित्रांना समोरासमोर बसवून ग्लास भरल्यावर त्यांच्यात उडालेले खटके ऐकू देतो. राकेशच्या घरी आजारी तान्हे बाळ आहे. गणेशचे हप्ते थकत आहेत. कोण बरोबर हे चित्रपट सांगत नाही आणि पाहणाऱ्यालाही शेवटपर्यंत ठरवता येत नाही. समुद्राचे तापमान आणि ट्रॉलरची संख्या यांच्या तक्त्यांतून जे पोहोचत नाही, ते इथे पोहोचते.

महाराष्ट्राच्या मातीतील आणखी काही नावे घ्यायला हवीत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवर आहे. २०१६ मध्ये कानमध्ये त्याची विशेष दखल घेतली गेली. फिल्मची रिळे जाऊन डिजिटल यंत्रे येण्याच्या नेमक्या टप्प्यावर हे दोघे त्या तंबूंसोबत फिरत होते. त्यामुळे नगर-सातारा पट्ट्यातील अनेकांनी बालपणी अनुभवलेली एक संस्कृती संपताना टिपली गेली. जुने प्रोजेक्टर दुरुस्त करणारा त्यातला कारागीर यंत्राविषयी ज्या मायेने बोलतो, ती माया पाहण्यासाठी तरी हा चित्रपट शोधावा.

फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ २००८ चा. यंत्रमागांच्या या शहरात हौशी मंडळी स्वतःचा ‘सुपरमॅन’ कशी बनवतात याची ही हसवणारी आणि शेवटी गलबलून टाकणारी कहाणी. रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ या कथाचित्रपटात याच मंडळींची गोष्ट आली. किंशुक सुरजन यांचा ‘मार्चिंग इन द डार्क’ (२०२४) आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांवर आहे. तो मराठीत बोलतो, पण निर्मिती बेल्जियमची. आत्महत्यांची आकडेवारी सर्वांना पाठ झाली असताना, मागे राहिलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करते हे विचारायला कॅमेरा बाहेरून यावा लागला, ही गोष्ट टोचणारी आहे.

सगळेच बाहेरून आले असे मात्र नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ७० व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरलेला ‘मर्मर्स ऑफ द जंगल’ मराठी भाषेतील आहे. त्याचे दिग्दर्शक सोहिल वैद्य. त्याच वर्षी ज्येष्ठ समीक्षक अशोक राणे यांच्या ‘आणखी एक मोहेंजो दारो’ या गिरणगावावरील माहितीपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यातले किती मराठी वाचकांनी पाहिले, हा प्रश्न मात्र न विचारलेलाच बरा.

मग माहितीपट म्हणजे कंटाळा, हे समीकरण आले कुठून?

भारतात चलच्चित्राची सुरुवातच मुळी माहितीपटाने झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला. केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या १९०१ मधील स्वागताचे चित्रणही त्यांचेच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर एका तपाने आला.

कंटाळा आला तो नंतर, सक्तीतून. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सरकारी माहितीपट किंवा वार्तापट दाखवणे बंधनकारक राहिले. त्यासाठी चित्रपटगृहांना भाडेही मोजावे लागे. धरण, कुटुंबनियोजन, सुधारित बियाणे, नेत्याचा दौरा. प्रेक्षक त्या वेळात शेंगदाणे घेऊन येत. मराठीत तेव्हा ‘अनुबोधपट’ हा शब्द होता, म्हणजे बोध करणारा. पुढे ‘माहितीपट’ रूढ झाला, म्हणजे माहिती देणारा. दोन्ही शब्दांत समोरचा प्रेक्षक अडाणी असल्याचे गृहीत आहे. ‘ऑल दॅट ब्रीद्स’ ना बोध करतो ना माहिती देतो, पण त्याला दुसरा मराठी शब्द अजून नाही.

खुद्द फिल्म्स डिव्हिजनमध्येही साचेबाहेरचे काम झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एस. सुखदेव यांचा ‘इंडिया ६७’, एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अ‍ॅम ट्वेन्टी’, प्रमोद पती यांचा ‘एक्स्प्लोरर’ हे प्रयोग सरकारी पैशातूनच झाले. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणांना विशीत गाठून ‘देशाबद्दल काय वाटते’ विचारणारा ‘आय अ‍ॅम ट्वेन्टी’ आजही ताजा वाटतो. फली बिलिमोरिया यांच्या ‘द हाऊस दॅट आनंदा बिल्ट’ला ऑस्कर नामांकनही मिळाले होते. ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

सरकारी छत्राबाहेरच्या परंपरेत सर्वांत ठळक नाव आनंद पटवर्धन यांचे. मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरील ‘हमारा शहर’, ‘राम के नाम’, ‘जय भीम कॉम्रेड’ आणि ‘विवेक’ ही त्यांची वाट. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेला गोळीबार आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांची आत्महत्या, यातून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात महाराष्ट्रातील शाहिरी परंपरेचे जे दस्तऐवजीकरण झाले आहे, ते एखाद्या विद्यापीठीय प्रकल्पालाही हेवा वाटावा असे आहे. २०२३ मधील ‘वसुधैव कुटुंबकम्’मध्ये पटवर्धन यांनी कॅमेरा स्वतःच्या वृद्ध आईवडिलांकडे वळवला. घरगुती चित्रणातून स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास उलगडणारा हा त्यांचा सर्वांत हळवा चित्रपट म्हणता येईल.

आताच एवढे चांगले चित्रपट का बनत आहेत?

पहिले कारण यंत्रांचे. फिल्मच्या काळात प्रत्येक मिनिटाला पैसे जळत. डिजिटल कॅमेऱ्याने वर्षभर चित्रण करणे परवडू लागले. अंधाऱ्या तळघरातही चित्र स्वच्छ येऊ लागले. संकलन घरच्या लॅपटॉपवर आले.

दुसरे कारण पैशांच्या वाटेचे. भारतात स्वतंत्र माहितीपटासाठी निधी जवळपास नाही. दिग्दर्शक अ‍ॅमस्टरडॅमच्या इड्फा महोत्सवाशी जोडलेला बर्था फंड, सनडान्सचा माहितीपट निधी यांकडे अर्ज करतात, कोलकात्याच्या ‘डॉकएज’सारख्या मंचावर परदेशी निर्मात्यांसमोर आपला विषय मांडतात. तिथून सहनिर्माता, ध्वनिमुद्रक, संकलक असे जाळे तयार होते. पायल कपाडिया यांचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ भारत-फ्रान्स निर्मिती होता. पुण्याच्या एफटीआयआयमधील २०१५ चा विद्यार्थी संप आणि एका काल्पनिक विद्यार्थिनीची सापडलेली प्रेमपत्रे अशी त्याची रचना आहे. माहितीपट आणि कथा यांची इतकी बेमालूम सरमिसळ भारतात फार कमी झाली. याच कपाडिया यांनी २०२४ मध्ये ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ या कथाचित्रपटासाठी कानचे ग्रँड प्रिक्स मिळवले. मुंबईतील परिचारिकांच्या त्या कथेचा आरंभ शहरातल्या खऱ्या वाटणाऱ्या आवाजांनी होतो, तो माहितीपटाचाच संस्कार.

परदेशी पैशांची दुसरी बाजूही आहे. कोणता भारतीय विषय ‘चालेल’ हे अ‍ॅमस्टरडॅम आणि पार्क सिटीत ठरते. अन्याय, प्रदूषण, हिंसा यांना दार लवकर उघडते. सोसायटीतील निवडणूक, कोचिंग क्लास, लग्नाचे हॉल, सहकारी बँक हे मध्यमवर्गीय भारताचे जग पडद्यावर फारसे येत नाही. ते आणणारा माहितीपट निघालाच तर तो बहुधा स्वखर्चाने निघेल.

ओटीटीमुळे माहितीपट घराघरांत पोहोचले ना?

पोहोचले, पण कोणते ते पाहावे लागेल. ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ (२०१८) या ओशो-रजनीश यांच्या ओरेगॉनमधील वसाहतीवरील मालिकेने भारतीय प्रेक्षकाला माहितीपटाची चटक लावली. त्यानंतर ‘बॅड बॉय बिलियनेअर्स’, बुराडीतील एकाच कुटुंबातील ११ जणांच्या मृत्यूंवरील ‘हाऊस ऑफ सीक्रेट्स’, ‘द हंट फॉर वीरप्पन’, ‘करी अँड सायनाइड’ अशी रांग लागली. गुन्हा आणि चित्रतारा हे दोन हुकमी विषय ठरले. चोप्रा घराण्यावरील ‘द रोमँटिक्स’, सलीम-जावेद यांच्यावरील ‘अँग्री यंग मेन’, अभिनेत्री नयनतारावरील माहितीपट ही दुसऱ्या प्रकारातली उदाहरणे.

यातले काही उत्तम आहेत. ‘हाऊस ऑफ सीक्रेट्स’ वृत्तवाहिन्यांनी त्या घटनेचा जो तमाशा केला त्याच्याकडेही बोट दाखवतो. मात्र चित्रताऱ्यांवरील बहुतेक माहितीपट त्या ताऱ्याच्या किंवा त्याच्या कंपनीच्या सहकार्याने बनतात. मित्र कौतुक करतात, जुनी छायाचित्रे येतात, डोळे पाणावतात. अवघड प्रश्न येत नाही. त्याला माहितीपट म्हणण्यापेक्षा लांबलचक सत्कार समारंभ म्हणणे योग्य.

दरम्यान, महोत्सवांत गाजलेल्या चित्रपटांची अवस्था वेगळीच. विनय शुक्ला यांचा ‘व्हाइल वी वॉच्ड’ पत्रकार रवीश कुमार यांच्या एनडीटीव्हीतील दोन वर्षांवर आहे. नोकरी सोडून जाणाऱ्या सहकाऱ्यांसाठी न्यूजरूममध्ये वारंवार कापले जाणारे केक हे त्यातले सर्वांत बोलके दृश्य. टोरोंटोत पुरस्कार, २०२४ मध्ये पीबॉडी सन्मान, पण देशातल्या मोठ्या व्यासपीठांवर अशा विषयांसाठी दार सहसा किलकिलेही होत नाही. हा केवळ भारताचा रोग नाही. २०२५ मध्ये ऑस्कर जिंकणाऱ्या, पॅलेस्टिनी-इस्रायली चमूने बनवलेल्या ‘नो अदर लँड’ला अमेरिकेत वितरक मिळाला नव्हता.

सेन्सॉर बोर्डाचा अडथळा किती?

चित्रपटगृहात दाखवायचा तर माहितीपटालाही प्रमाणपत्र लागते. भारतातील चित्रपट सेन्सॉरशिपचा पाया ठरलेला सर्वोच्च न्यायालयाचा १९७० चा निकाल एका छोट्या माहितीपटावरूनच लागला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘चार शहर एक कहानी’ तो. न्यायालयाने पूर्वपरीक्षणाची पद्धत वैध ठरवली.

२००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शेकडो दिग्दर्शक एकत्र आले. अट मागे घेतली गेली, पण अनेक चित्रपट निवडीतच गळाले. त्यातून ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव उभा राहिला. आम आदमी पक्षाच्या उदयावरील ‘अ‍ॅन इनसिग्निफिकन्ट मॅन’च्या वेळी बोर्डाने चित्रपटात दिसणाऱ्या नेत्यांची, अगदी पंतप्रधानांचीही ना हरकत प्रमाणपत्रे आणायला सांगितली. अपिलीय न्यायाधिकरणाने ती अट फेटाळली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये चित्रपट लागला. ते न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले. आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते. छोट्या निर्मात्याला वकिलाची फी चित्रपटाच्या खर्चाहून जड व्हावी, अशी ही व्यवस्था आहे.

ओटीटीला बोर्डाचे प्रमाणपत्र लागत नाही, पण न्यायालयाची पायरी तिथेही सुटत नाही. इंद्राणी मुखर्जी यांच्यावरील नेटफ्लिक्सची मालिका खटला सुरू असताना प्रदर्शित होऊ नये म्हणून सीबीआय मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली, त्यात खटल्याला बाधा आणणारे काही आढळले नाही आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ती प्रदर्शित झाली.

जे दिसते ते कितपत खरे मानायचे?

माहितीपटातील खरा पेच हाच आहे आणि तो जुना आहे. या प्रकारातला आद्य चित्रपट मानल्या जाणाऱ्या रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये (१९२२) आत कॅमेरा मावावा म्हणून अर्धेच इग्लू बांधले होते आणि बंदूक वापरणाऱ्या शिकाऱ्यांना भाल्याने शिकार करायला लावले होते. शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, शेफ अँथनी बोर्डेन यांच्यावरील ‘रोडरनर’मध्ये त्यांनी लिहिलेली काही वाक्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या त्यांच्याच आवाजात ऐकवली गेली. प्रेक्षकाला चित्रपटात ते सांगितले नव्हते.

पण फसवणुकीपेक्षा अवघड प्रश्न चौकटीचा आहे. ऑस्कर सोहळ्याच्या तोंडावर, मार्च २०२२ मध्ये, खुद्द ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढून ‘रायटिंग विथ फायर’विषयी नाराजी व्यक्त केली. आपण सर्व पक्षांचे वार्तांकन करतो, पण चित्रपटात आपले काम एकाच पक्षाभोवती फिरत असल्यासारखे दिसते, असा त्यांचा आक्षेप होता. दृश्ये खोटी आहेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. शेकडो तासांतून निवडलेले दीड तास आपले पूर्ण चित्र उभे करत नाहीत, असे होते. दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या पत्रकारांची गोष्ट दुसऱ्याने सांगितली, तेव्हा त्यांना हे बोचले. दिग्दर्शकाला स्वतःच्या नजरेने चित्रपट करण्याचा हक्क आहे हे मान्य करूनही त्यांची तक्रार झटकून टाकता येत नाही. उत्तर प्रदेशातील एका गावात काम करणाऱ्या बातमीदाराला त्या प्रतिमेचे परिणाम रोज भोगावे लागतात. लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकाला नाही.

निशा पाहुजा यांच्या ‘टू किल अ टायगर’ने हाच प्रश्न वेगळ्या प्रकारे हाताळला. झारखंडमधील १३ वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार होतो आणि गाव तडजोडीसाठी दबाव टाकत असताना तिचे वडील न्यायालयात लढतात. मुलीचा चेहरा झाकायचा अशीच सुरुवातीची योजना होती. ती १८ वर्षांची झाल्यावर तिला चित्रपट दाखवण्यात आला आणि तिने स्वतःला लपवायचे नाही असे ठरवले. त्या निर्णयामुळे चित्रपटाचे बळ कितीतरी वाढले. तरीही अठराव्या वर्षी दिलेली संमती आणखी वीस वर्षांनी तीच राहील का, हा प्रश्न उरतोच. कथाचित्रपटातील नट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भूमिकेकडे जातो, पण माहितीपटातला माणूस त्याच गल्लीत राहतो.

हे चित्रपट पाहायचे कुठे?

‘द एलिफंट व्हिस्परर्स’ आणि ‘टू किल अ टायगर’ नेटफ्लिक्सवर आले. मुदुमलाईतील थेप्पाकाडू छावणीतल्या बोम्मन आणि बेल्ली यांची आणि रघू या अनाथ हत्तीच्या पिल्लाची गोष्ट पाऊण तासाच्या आत संपते, घरातल्या मुलांसोबत सुरुवात करायला ती सर्वांत सोपी. पटवर्धन यांचे अनेक चित्रपट यूट्यूबवर आहेत. फिल्म्स डिव्हिजन आणि पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट यांच्या यूट्यूब वाहिन्यांवर जुना खजिना विनामूल्य पडून आहे. ‘आय अ‍ॅम ट्वेन्टी’ तर लोकलच्या एका प्रवासात पाहून होतो.

बाकीच्यांसाठी महोत्सवांवर नजर ठेवावी लागते. माहितीपट, लघुपट आणि सचेतपटांना वाहिलेला मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दर दोन वर्षांनी भरतो. फिल्म सोसायट्या, महाविद्यालयांचे माध्यम विभाग यांच्या खेळांच्या जाहिराती बहुतेक वेळा फक्त समाजमाध्यमांवर येतात. ‘जय भीम कॉम्रेड’चा पहिला खेळ जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीच्या आवारात झाला होता. त्यासाठी लागला तो एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि बसायला मोकळी जागा.